हयात ॲडमिरलचा मृत्युलेख

रविवार, ३ नोव्हें. १९६८. स्टॅनमोर

आजही क्षीरहरण. दारातल्या दुधाच्या बाटलीचं चंदेरी झाकण चोचीने फोडून त्या निळ्या, टीचभर पक्ष्याने वरची साय खाल्ली. बाटली माझी, साय त्याची, अशी वाटणी सलग चौथा दिवस. आपल्याकडे कावळ्याला आपण होऊन पान वाढतात. इथले पक्षी आमंत्रणाची वाट पाहत नाहीत. घरमालकीण रिबेकाबाईंकडे रीतसर तक्रार गुदरली. बाई मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्राएल ज्यू, मराठी माझ्याहून खणखणीत. म्हणाल्या, "अहो शास्त्रीबुवा, लवकर उठा की. पक्षी उठतो."

पुण्याहून संपादकांचं पत्र. कामं दोन. एक: रीडिंगजवळ राहणारे एक निवृत्त ॲडमिरल (स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलात काही वर्षं उसने आलेले) फार आजारी असल्याचं ऐकतो, तरी मृत्युलेख आगाऊ लिहून पाठवावा. दोन: इथल्या बातमीदारीची माझी मुदत मार्चमध्ये संपते, आणखी तीन वर्षं लंडनला राहणार का, महिनाअखेर कळवावं.

पाच वर्षं झालीच आहेत. सुशीला आणि लेक पद्मा पुण्यातच. सुशीलेला विचारायला हवं. विचारीन.

शनि. ९

रीडिंगला जाऊन आलो. ॲडमिरलना मुलाखत आहे एवढंच सांगितलं. आजारी कसले, शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होते. एकटे राहतात, पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. कारकीर्द सांगितली ती जहाजाच्या नोंदवहीसारखी. तेराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत, मग विनाशिका, क्रूझर, युद्धात काफिल्यांची राखण, मुंबई, माल्टा, ॲडमिरल. चहाला दोन कप काढले, सवयीने एक परत ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काढला.

मंगळ. १२

लेख झाला. 'कै. ॲडमिरल' लिहिताना शिडी डोळ्यांपुढे. धडधाकट माणसाला भूतकाळात घालण्याला प्रायश्चित्त काय, ते कोणत्याच स्मृतीत आठवत नाही. मसुदा टेबलावर, पक्का करायचा राहिला.

सु.चं एरोग्राम. 'तुमची लिहायची खोली पद्माला दिली, तिचं मॅट्रिकचं वर्ष. पुस्तकं माळ्यावर नीट बांधून ठेवली आहेत. तुम्हाला विचारलं असतं, पण उत्तर येईपर्यंत तिची सहामाही झाली असती.'

बरोबरच आहे तिचं. मुदतीचं अजून लिहिलं नाही.

मंगळ. १९

अनर्थ. रिबेकाबाईंनी धूळ झटकताना 'कै.' वाचलं, शेजारच्या वहीतला पत्ता उतरून घेतला आणि 'कुटुंबीयांस' म्हणून सांत्वनाचं कार्ड टाकलं. वर 'श्री. दामल्यांकडून कळले' असं माझं नावही. कुटुंबीयांत फक्त ॲ.च, त्यामुळे त्यांनीच ते उघडलं. आज फोन.

"तुमच्या घरमालकीणबाई दयाळू दिसतात. एकच कार्ड आलं, पण छान आहे. शनिवारी या. लेख आणा."

रिबेकाबाईंना वृत्तपत्रांचा रिवाज समजावला.

"जित्या माणसाला कैलासवासी करता? जळला मेला तुमचा रिवाज!" मग बराच वेळ डोक्याला हात लावून बसल्या. संध्याकाळी करंज्यांचा डबा पुढे केला. "हे द्या त्यांना. म्हणावं, शंभर वर्षं जगा."

शनि. २३

लेख इंग्रजीत सांगत गेलो. ॲ. मन लावून ऐकत होते. माल्टाला दोन नव्हे तीन वर्षं, एवढीच दुरुस्ती. शेवटी म्हणाले, "आणि माझी बायको?"

"शेवटच्या ओळीत आहे. पत्नी आधीच निवर्तल्या."

करंजी मोडून बशीत ठेवली, खाल्ली नाही.

"दर नेमणुकीला मला विचारायचे, समुद्र की किनारा? मी समुद्र म्हणायचो. म्हणून तर ॲडमिरल झालो. ती पत्रातून विचारायची, कधी येणार. पुढे विचारेनाशी झाली. मला वाटलं, समजूतदार झाली." बशी बाजूला सारून, "कायमचा घरी आलो तर तिच्या दिवसात माझ्यासाठी जागाच नव्हती. वाईट नाही हो वागली. पाहुण्याचं करावं तसं केलं, मरेपर्यंत. हे घाला."

"मृत्युलेखात असं घालत नाहीत."

"मग छापता काय तुम्ही? बोटींची नावं?"

निघताना त्यांनी विचारलं, "तुमची बायको?"

"पुण्यात."

"पत्रं येतात?"

"येतात."

फाटकापर्यंत आले.

रवि. २४

सु.ची या वर्षीची पत्रं काढून वाचली. चौदा. 'कधी येणार' शेवटचं फेब्रुवारीत. त्यानंतर छपराची गळती, पद्माचे मार्क, शेजारच्यांची मुंज. सगळं निभावलेलं, सगळं झाल्यावर कळवलेलं.

मी तेव्हा वाचून मनात म्हटलं होतं, कर्तबगार आहे हो!

शनि. ३०

संपादकांना आज तार जायला हवी. होकार लिहून ठेवला, नकारही. शैलीच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष. पोस्ट दुपारी बंद होतं.

रिबेकाबाई जिन्यातून ओरडल्या, "काय ठरलं हो? खोली ठेवायची की जाहिरात देऊ?" थांबा म्हटलं.

आधी सुशीलेला लिहायला बसलो. हवा, प्रकृती, पद्माचा अभ्यास, ॲ.ची शिडीसुद्धा. पान भरलं. 'मी येऊ का?' एवढं मात्र लिहवेना. पाच वर्षांपूर्वी हे विचारावंच लागलं नसतं. मी घरी आलेला तिला हवा आहे की नाही, मला माहीत नाही. आणि ती 'तुमची इच्छा' असं लिहील, याची मला भीती वाटते.