केळशीच्या पाच बायकांवरील सरकारी संशय चालू ठेवण्याबाबत

प्रति,
मेहेरबान दुय्यम फौजदारसाहेब,
किनारा बंदोबस्त, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी

विषय : अर्जदार व इतर चार बायका यांच्यावरील पाळत न उठवण्याबाबत.
संदर्भ : शिपाई केरू याने वाचून दाखवलेला आपला हुकूम, "आक्षेपार्ह काही आढळले नाही, सबब पाळत बंद."

महोदय,

अर्जदार सावित्री कोम मयत चिंतामणी आगाशे, राहणार केळशी, हिचे म्हणणे असे की, सदर हुकूम घाईने झाला आहे.

१. अर्जदार विधवा. सखूचा नवरा मुंबईस गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. बाकी तिघींची गतही याहून बरी नाही. बारसे असो की हळदीकुंकू, यांना कोणी बोलावीत नाही. म्हणून पाचजणी एकादशीच्या दुपारी मिळून समुद्रावर जाऊ लागल्या, तेही चोरून. येताना पाचजणींतल्या थोरल्या काशीकाकूंचे गुडघे शेकायला तांब्याभर खारे पाणी आणीत. गेल्या चैत्रात मिठाच्या कायद्यावरून गडबड झाली आणि तो तांब्या सरकारच्या डोळ्यांत भरला.

२. मग शिपाई केरू दर एकादशीस दारात येऊन विचारू लागला, आज निघणार ना? अर्जदाराचे दीर भास्करपंत सरकारला भारी भितात. बायकांनी समुद्रावर जावे असा वरून हुकूमच आहे, अशी त्यांची समजूत झाली. सखूच्या सासूचीही तीच. अर्जदाराने ती समजूत मोडली नाही, मोडणारही नाही. पुढे पावसाळ्याचे महिने सोडले तर एक एकादशी चुकली नाही.

३. गेल्या सोमवारी भास्करपंत शहाळी घेऊन आपल्या कचेरीच्या पडवीत बसलेले दिसले. मंगळवारी हुकूम झाला. सध्या सुपारी सोलण्याचे दिवस आहेत आणि घरात फुकटचे हात अर्जदाराचेच. अर्जदार कोणावर आळ घेत नाही. शहाळी कोणी प्यायली, एवढे मात्र पाहावे. त्याच संध्याकाळी दीर म्हणाले, "वहिनी, आता सरकारलासुद्धा तुमचं काम उरलेलं नाही. घरात बसा." हे शब्द अर्जदारास फार लागले.

४. चौकशीही धड झालेली नाही. केरू भला माणूस, पण बायकामाणसांचा संकोच करून लांब सुरूच्या झाडाखाली पाठ फिरवून बसतो. पाचजणी काय कुजबुजतात, हे त्यास आजतागायत ठाऊक नाही. सखू कुणबी, अर्जदार ब्राह्मण, तरी उकडलेली रताळी एकाच पानावरून खातात, हे त्याच्या अहवालात आहे काय? शिवाय या बायका हसतात. घरी हसण्यासारखे काहीएक नसलेल्या पाच बायका पाण्यात पाय बुडवून पोट धरून हसतात, आणि सरकार म्हणते आक्षेपार्ह काही नाही! याचा खुलासा कोणी कसा मागितला नाही, याचे अर्जदारास नवल वाटते.

५. तरी विनंती की, येत्या एकादशीस केरूला पूर्ववत दारात पाठवावे. तो न आला तर पाचही दारांना आतून कडी लागेल आणि काशीकाकूंचे गुडघे पुन्हा माजघरापलीकडे चालणार नाहीत.

६. एवढ्यानेही संशय येत नसेल, तर या खेपेचे पाणी काकूंना न देता अर्जदाराने चुलीवर आटवले आहे. पुरावा सोबत जोडला आहे. यात बाकीच्या चौघींचा हात नाही. मात्र त्या ऐकायच्या नाहीत, आमचाही हात होता असेच सांगतील. तेव्हा शिक्षा झाल्यास पाचजणींना एकाच कोठडीत ठेवावे. वेगवेगळे ठेवू नये.

आपल्या संशयास पात्र राहू इच्छिणारी,
आपली नम्र,
सावित्री कोम मयत चिंतामणी आगाशे
सही दस्तुरखुद्द

केळशी, तारीख १२ जानेवारी १९३१

सोबत : मिठाची पुडी एक.