मामांच्या आंब्याची मोजणी

रत्नागिरी,
ता. ९ मार्च १९८६, रविवार

तीर्थस्वरूप बाबाजीमामांना,
केरूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आईचा गुडघा सोडला तर आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुमची पाठ आता कशी आहे? मामी शेकायला सांगतात तेव्हा शेकून घेत जा. नुसतं "शेकलं" म्हणून मोकळे होऊ नका.

तुमचं पत्र आणि सोबतचं शर्टाचं कापड आपल्या वाडीतल्या बाबूने परवा आणून दिलं. कापड सुरेख आहे. (दोनदा अंगाला लावून आरशात पाहिलं. आरसा लहान असल्यामुळे तिसऱ्यांदाही पाहावं लागलं.) पत्रातला मजकूरही समजला. तुमची जमीन आणि तुमच्या चुलतभावाच्या मागे एकट्या राहिलेल्या सावित्रीमामींची जमीन, यांच्या मध्ये जो हापूस उभा आहे तो कोणाचा, हे ठरवायला तुम्ही मोजणी लावली आहे, आणि मी आता मोजणीदार झालो असल्यामुळे झाड तुमच्या बाजूला येईल असं बघावं, असं तुम्ही लिहिलंत. मामा, ही नोकरीच मुळात तुमची देणगी. मुंबईच्या पेपरातली जाहिरात तुम्ही कापून पाठवलीत, आणि मुलाखतीच्या वेळी शिमग्याला गावी आला होतात तेव्हा पायातले बूट काढून दिलेत. (ते एक नंबर मोठे होते. मुलाखत संपेपर्यंत मी पाय हलवले नाहीत.) उद्या तुम्ही रागावलात तर मुंबईत मला दुसरं दार नाही. तेव्हा तुमच्या कामाकडे वळतोच. पण आधी आमच्या तात्यांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तात्या म्हणजे रावजी मांडवकर, आमच्या कचेरीतले सगळ्यात जुने मोजणीदार. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, आणि उन्हात फिरून रंग असा झालेला की जांभ्या दगडाच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला, टेकून बसले तर चटकन दिसत नाहीत. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला काही शिकवलं नाही. माझा डबा उघडून भाकरी किती आहेत ते तेवढं पाहिलं, आणि उद्यापासून एक जास्त आण म्हणाले. मला वाटलं ती त्यांच्यासाठी. नंतर कळलं की मोजणी पुरी होईपर्यंत दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, आपलं आपण न्यायचं, असा त्यांचा नेम आहे. मोजणी झाली की मात्र दोन्ही घरी जेवायचं, तेही सारखंच. (एकदा एका घरी मासे आणि दुसऱ्या घरी नुसतं पिठलं होतं. तात्यांनी मासे अर्धे ठेवले आणि पिठलं मागून घेतलं. मीही तसंच केलं, पण मनापासून नाही.)

दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला एकट्याला पाठवलं. राजापूरच्या बाजूला भागोजी आणि शिवा असे दोघे भाऊ, घरं शेजारी शेजारी, तीन वर्षं एकमेकांशी अबोला. मी नवी टोपी घालून गेलो. मोजणी सुरू करायची ती हद्दीच्या दगडापासून, एवढं पुस्तकात वाचलं होतं. विहिरीजवळ एक सपाट चिरा दिसला, त्यावर चुन्याचा पांढरा हात मारलेला. हाच हद्दीचा दगड, असं मी दोघांना ठणकावून सांगितलं आणि तिथून साखळी सोडली. दिवसभर मोजलं. संध्याकाळी नकाशावर रेघ ओढली तर शिवाचा गोठा, तुळशीवृंदावन आणि अर्धी विहीर भागोजीच्या हद्दीत गेली. शिवा मटकन खाली बसला. भागोजीचाही चेहरा उतरला, कारण एवढं त्यानेसुद्धा कधी मागितलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची आई तुळसाबाई धुण्याचं बोचकं घेऊन आली आणि माझ्या दगडावर कपडे आपटायला लागली. तो चिरा तिने लग्नानंतरच्या वर्षी वहाळाच्या पात्रातून आणून ठेवला होता, आणि वरचा पांढरा रंग चुन्याचा नव्हता, तीस वर्षांच्या साबणाचा होता.

मामा, मी खरं बोललो नाही. नकाशा कचेरीतून येईल असं पुटपुटलो, साखळी गोळा केली आणि एस.टी. पकडण्यासाठी पळत सुटलो. दुसऱ्या दिवशी तात्यांना सगळं सांगितलं, म्हणजे साबण सोडून सगळं. त्यांनी विचारलं, दगडाला हात लावून पाहिलास का? मी साखळीच्या कड्या पुसायला लागलो. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते मला घेऊन निघाले. वाटेत मी मनाशी ठरवून टाकलं की बोलायचं ते तेच बोलतील. वय झालेला माणूस, त्यांचं लोक ऐकतात. घराशी पोचल्यावर ते गडग्यावर बसले, आमच्याकडे पाठ केली आणि तंबाखू काढली.

"जा, सांग," ते म्हणाले. "चुकलास तं चुकलास. त्येचा काय नाय. पन दुसऱ्यान् सांगितलान् तं लोक तुजी साकली पुन्ना अंगनात येऊ देनार नाय."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. शिवाची बायको हसून हसून खाली बसली एवढं आठवतं. भागोजीने तर सुटकेचा निःश्वास टाकला. मग खरा दगड शोधला, आणि तात्यांनी साखळीचं एक टोक भागोजीच्या हातात दिलं, दुसरं शिवाच्या. ही त्यांची नेहमीची रीत. भांडतात त्यांनीच साखळी धरायची, म्हणजे मागाहून कोणी मोजणीदाराला लबाड म्हणत नाही. पण ऊन चढलं तसं एकाला दुसऱ्याला "जरा ढील दे" म्हणावं लागलं, आणि तीन वर्षांनी ते दोघे बोलले ते एवढंच बोलले. पण बोलले. साहेबांनी एक दिवस फुकट का गेला म्हणून विचारलं, तेव्हा तात्यांनी कामाच्या डायरीत माझ्या सहीखाली आपली सही केली आणि मला चहा प्यायला घेऊन गेले. त्या दिवसापासून मी मोजणीदार आहे, असं मी समजतो. मोजणी पुस्तकात होती, मामा. भीती वाटत असताना दाराशी उभं राहून बोलायचं कसं, ते मला या माणसाने शिकवलं. त्याचे उपकार मी कसे फेडणार, मला कळत नाही.

तुमच्या आंब्याचं म्हणाल तर चोवीस तारखेला मोजणी आहे. नात्यातली जमीन आपण मोजायची नाही म्हणून ती तात्यांनी घेतली आहे. एकतीस तारखेला ते निवृत्त होतात, म्हणजे ही बहुधा त्यांची शेवटची. शिमग्याला तुम्ही येणारच. दोन दिवस आधी या, म्हणजे बरं होईल. बाकी काय ते झाडाखाली बघूच. पाठीला जपा.

तुमचा भाचा,
केरू

ता. क. येताना शक्य झाल्यास आईच्या गुडघ्याला लावायचं ते हिरव्या बाटलीतलं तेल आणावं.

दुसरी ता. क. शर्टाचं कापड बाबूच्याच हाती परत पाठवत आहे. मोजणी झाल्यावर दिलंत तर आनंदाने शिवून घेईन. (रंग तोच असावा.)

तिसरी ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तात्यांना वाचून दाखवलं. आपल्या स्तुतीच्या सात ओळी त्यांनी खोडायला लावल्या. मी चार खोडल्या. मग त्यांनी विचारलं की एवढ्या पानांत मामांना सांगायचं ते कुठे आहे? म्हणून आता लिहितो. काल मी जुना नकाशा घेऊन गावी गेलो होतो. दोन्ही दगड सापडले, हात लावून पाहिले. मामा, आंबा सावित्रीमामींचा आहे. अकरा हात आत आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही; तुम्ही स्वतः येऊन सांगावं, एवढीच विनंती आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तात्यांनी फक्त पेन दिलं, अक्षर माझं आहे.