टायरवाल्या तौहामीच्या घरची पाहणी

गाबेस,
रविवार, दुपारची वेळ

आदरणीय दादा,

सलाम. इतक्या दुरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून तुमच्या उजव्या हातावर ओठ टेकवतो. तुमचा रक्तदाब ताळ्यावर असेल, केफच्या थंडीत वस्सीलावहिनींचे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि तुमची लेक उमैमा शाळेत रमली असेल, अशी आशा आहे. (वहिनींनी पाठवलेला मध पोचला. अर्धा माझ्या घरमालकिणीनं ‘चव बघते’ म्हणून नेला, ती अजून चव बघतेच आहे.) माझं म्हणाल तर मी सुखरूप आहे. डावा घोटा दुधीभोपळ्यासारखा सुजलाय आणि डोळ्यांची आग पुरती गेलेली नाही, पण सुखरूप आहे. हे कशानं झालं ते सांगायलाच पत्र लिहायला बसलो.

मी जन्माचा भित्रा, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा माणसाला सरकारनं काय काम द्यावं? आमचं समाजकल्याण कार्यालय मुलांना मारणाऱ्या आईबापांसाठी दर गुरुवारी एक वर्ग चालवतं. राग आला की काय करायचं, पोरानं दूध सांडलं तर तोंडातून काय काढायचं आणि काय गिळायचं, हे तिथं शिकवतात. शिकवायचं काम दुसऱ्यांचं. ते हसतमुख असतात, त्यांना लोक खजूर आणून देतात. माझं काम, त्या शिकवण्याचा काही उपयोग होतो का, हे तपासायचं. मला खजूर कोणी देत नाही. मी दारात दिसलो की बायका मुलांना आत ओढतात. मी मुलं उचलून नेणारा माणूस आहे, असा गावभर समज आहे. म्हणजे दादा, ते मला घाबरतात आणि मी त्यांना घाबरतो, आणि या दोन भीतींच्या मध्ये मी चहा पीत बसतो.

वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळ्या पालकांना विचारलं होतं, मुलाला मारता का? सगळ्यांनी लिहिलं, छे! कधीच नाही. असे निर्मळ लोक! वर्ग संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं, हो, मारतो. काहींनी तर कशानं, तेही लिहिलं. म्हणजे कागदावर हिशेब असा झाला की आमच्याकडे येण्याआधी गाबेसमध्ये कोणी पोराला बोट लावत नव्हतं आणि आम्ही शिकवल्यावर लोक मारायला लागले. आमच्या प्रमुख बहीजाबाई हे बघून मटकन खुर्चीत बसल्या. राजधानीतून वरचे साहेब येणार होते आणि वर्ग चालू ठेवायचा की बंद, हे त्यावर ठरणार होतं. (बहीजाबाई स्वभावानं वाघीण, पण वरच्या साहेबांचा फोन आला की उभं राहून बोलतात. फोनवर.) मी भीत भीत म्हणालो, बाई, कदाचित आधी ते खोटं बोलत होते आणि आता खरं बोलायला शिकलेत. त्या म्हणाल्या, “कदाचित घेऊन मी साहेबांपुढे जाऊ? घरोघरी जा. डोळ्यांनी बघून ये.”

आणि पहिलं घर त्यांनी दिलं तौहामीचं.

तौहामीचं बसस्थानकामागे टायरचं दुकान आहे. फॉस्फेटच्या ट्रकचं चाक तो एकटा काढतो आणि एकटा चढवतो. त्याचे हात बघितले की आपलं डोकं आपोआप खांद्यात जातं. गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा, दोजाचा, हात मोडला. ‘जिन्यावरून पडली’ असं त्यानं दवाखान्यात सांगितलं. त्याच्या घराला जिनाच नाही, हे शेजारच्या हफ्सियामावशींनी कार्यालयात येऊन सांगितलं. दोजाची आई बाळंतपणात गेलेली. मग मुलीला आत्याकडे ठेवलं, तौहामीला वर्गाला बसवलं, आणि वर्ग संपल्यावर मुलगी घरी परत आली. आता ती तिथं राहू द्यायची की पुन्हा आत्याकडे, आणि पुढे आणखी कुठे, हे माझ्या सांगण्यावर होतं. दादा, यात हसण्यासारखं काही नाही. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. राहू दिली आणि काही झालं तर? आणि उगाच काढून नेली तर?

पहिल्यांदा कळवून गेलो. तौहामीनं लग्नाचा कोट घातला होता. दोजा कोपऱ्यात स्टुलावर, वेणी इतकी घट्ट की भुवया वर गेलेल्या. तिनं पाणी आणलं तर हा म्हणाला, “वा दोजा! किती छान चालतेस!” तिनं पेला ठेवला, तर, “काय सुंदर ठेवलास!” ती शिंकली. “शाब्बास!” त्यानं तळून दिलेलं, अंडं भरलेलं ब्रिक मी खात होतो, त्यातलं अंडं माझ्या शर्टावर ओघळलं, तर त्यानं माझंही कौतुक केलं. कपाळावरून त्याच्या घामाच्या धारा, आणि डोळे माझ्या पेनवर. मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती, जणू दोघांपैकी कोणाला आधी वेड लागणार याचा तिला अंदाज घ्यायचा होता. मी बाहेर पडलो तेव्हा मला तेवढंच कळलं होतं, जेवढं आत जाताना ठाऊक होतं. माणूस पाहुण्यासमोर कसा वागतो ते दिसलं. पाहुणा गेल्यावरचं कोण दाखवणार?

बहीजाबाई म्हणाल्या, न कळवता जा. गेलो. जेवणानंतरची वेळ, दुकानं बंद, गल्लीत माशीसुद्धा नाही. दारासमोर उभा राहिलो आणि कडी वाजवायला हात वर जाईना. तेवढ्यात शेजारच्या दारातून हफ्सियामावशींनी माझी बाही धरली.

“दारासमोर खांबासारखा काय उभा राहतोस? कडी वाजवलीस की परत कोट घालेल तो. चल वर!”

“मावशी, असं चोरून बघणं नियमात—”

“नियम खाली ठेव, चपलांपाशी. चढ.”

अशा रीतीनं सरकारचा माणूस गच्चीवर गेला. तिथं मावशींनी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, अंथरलेल्या, टांगलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. मी पोटावर पालथा पडून कठड्याच्या भोकाला डोळा लावला. पहिल्या क्षणी नाक चुरचुरलं, दुसऱ्या क्षणी डोळे वाहायला लागले. शिंक येऊ नये म्हणून मी माझाच हात चावून धरला. मावशी मागून कानात कुजबुजत होत्या, दिसतंय का, दिसतंय का, आणि मला तर सगळं जग लाल आणि पातळ दिसत होतं.

तरी दिसलं. खाली अंगणात दोजा बापाचा फोन घेऊन बसली होती. शेजारी तेलाची बादली, जुन्या ट्रकचं काळं तेल. फोन हातातून सुटला आणि बादलीत गेला. आवाजही झाला नाही. तिनं कोपरापर्यंत हात घालून तो बाहेर काढला, आणि त्याच वेळी तौहामी दारात आला.

 दादा, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या मानेच्या शिरा मला वरून दिसल्या. तो दोन पावलं पुढे आला. मुलगी मागे सरकली ती वळचणीखाली, म्हणजे मला दिसेनाशी झाली. तोही तिकडेच गेला. दार आपटलं. आणि मग आवाज सुरू झाला. धप्. धप्. धप्. जड काहीतरी कशावर तरी पडत होतं, आणि पोरीचा आवाज नाही. रडणं नाही, काही नाही. मी मावशींकडे बघितलं. मावशींचा चेहरा मिरच्यांच्या गर्दीत पांढराफटक पडलेला. त्या म्हणाल्या, “मागच्या वेळीही ती रडली नव्हती.”

मी उडी मारली. मी, दादा! मावशींच्या जिन्यानं उतरून दारातून जाता आलं असतं हे आता सुचतंय. मी कठडा ओलांडून त्याच्या अंगणातल्या अंजिराच्या झाडावर गेलो, झाडानं मला ठेवून घेतलं नाही, आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावर आलो. घोटा तिथंच गेला. पिसं, फडफड, धूळ. लंगडत वळचणीखाली धावलो आणि तिथल्या टायरांच्या कोठीचं दार ढकललं.

तौहामी पाठमोरा होता. समोर एक ट्रकचा टायर उभा, आणि तो मोठ्या लाकडी हातोड्यानं त्या टायरला मारत होता, सदरा घामानं चिकटलेला, आणि रडत होता. दोजा दाराबाहेरच, माझ्या शेजारी, भिंतीला टेकून बसली होती (वाहत्या डोळ्यांनी मी तिला न बघताच पुढे गेलो होतो), कोपरापर्यंत काळी, मांडीवर फोन. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मला रडू आलं की मिरचीचं पाणी होतं, देव जाणे, पण मी त्या वेळी जोरात शिंकलो.

तो गर्रकन वळला. त्याला काय दिसलं असेल? अंगभर पिसं लागलेला, डोळे रक्तासारखे लाल, भरदुपारी घरात घुसलेला माणूस. हातोडा वर गेला. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटायलासुद्धा थोडी हिंमत लागते. म्हणून मला दिसलं, की हातोडा वर गेला त्याच क्षणी दोजाचे दोन्ही हात तिच्या डोक्यावर गेले. तो तिच्याकडे बघतही नव्हता. तरी गेले. विचार न करता, जसे आपण उन्हात डोळे बारीक करतो तसे. मग एक हात हळूच खाली आला आणि ती म्हणाली, “बाबा, श्वास.”

तौहामी तसाच उभा राहिला, हातोडा वर धरून. नाकातून आत, तोंडातून बाहेर. पुन्हा आत. (मीही घेत होतो. त्या कोठीत आम्ही दोघं बैलांसारखे फुसफुसत होतो.) मग त्यानं हातोडा खाली ठेवला, अगदी जपून, आणि मला ओळखलं.

“साहेब,” तो म्हणाला, “दारातून यायचं असतं हो.” मग त्याचा चेहरा उतरला. “आता नेणार तिला?”

 मी खाली बसलो, कारण घोटा उभं राहू देईना. तो समोर टायरवर बसला.

“तुम्हाला खोटं सांगत नाही. राग गेलेला नाही. वर्गात वाटलं होतं जाईल. येतो तेव्हा आधीसारखाच येतो. फक्त आता मी पळून इथं येतो. आणि एखाद्या दिवशी हे दार लागलंच नाही तर? मला माझीच भीती वाटते, साहेब. गुरुवारचा वर्ग होता तेव्हा वाटायचं, गुरुवारपर्यंत निभावलं की झालं. आता वर्ग संपला. आता कुठपर्यंत निभावायचं?”

मी दोजाला विचारलं, तुला इथं राहायचंय?  तिनं फोन पुढे केला आणि विचारलं, “हा चालू होईल का?” मी म्हणालो, नाही होणार. तिनं बापाकडे बघितलं. तौहामी म्हणाला, “नाही झाला तर नाही झाला.” आवाज घोगरा होता, पण म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, “राहते. पण बाबा गुरुवारी जायचे ते बरं होतं.”

दादा, मी परत जाऊन तसंच सांगितलं. वर्गाचा उपयोग होतो, आणि पुरत नाही. मुलगी घरी राहू द्या, आणि वर्ग संपवू नका. कागदावर मार वाढलेला दिसतो, कारण लोकांनी पहिल्यांदा तोंड उघडलंय. साहेब आले तेव्हा बहीजाबाईंनी हे सगळं खुर्चीत बसून सांगितलं, उठल्या नाहीत. साहेबांनी खूप वेळ टेबलावर बोटं वाजवली आणि उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. पुढचं पुढे. सध्या वर्ग संपलेले जुने बाप गुरुवारी तौहामीच्या दुकानात टायरांवर बसतात. मी मागच्या बाजूला बसतो. दोजाचे हात डोक्यावर जाताना मी बघितलेत, त्यामुळे मला अजून झोप नीट लागत नाही, आणि कार्यालयातला फोन वाजला की मी आधी दोजाचं नाव ऐकू येतंय का ते बघतो. ही भीती कधी जाईल असं वाटत नाही. बहुधा या कामात ती जाऊ नयेच.

वहिनींना सलाम, उमैमाला माझे लाड. तुमची सावली आमच्यावर राहो.

तुमचा धाकटा भाऊ,
लमजद

ता. क. घोट्याची काळजी करू नये. हफ्सियामावशी रोज ऑलिव्हचं तेल चोळतात आणि चोळताना मी कसा पडलो ते सगळ्या गल्लीला करून दाखवतात.

ता. क. दुसरा. केफमध्येही असा बापांचा वर्ग सुरू होतोय, टपाल कार्यालयाच्या मागच्या इमारतीत. शिकवणारा माणूस मऊ बोलतो, कोणाला लाजवत नाही. मी तुमचं नाव दिलं आहे.

ता. क. तिसरा. वरची ओळ लिहून मी अंगणात दोन फेऱ्या मारून आलो. खोडणार होतो, खोडली नाही. दादा, ईदला आपण जेवायला बसलो होतो आणि तुम्ही नुसतं खिडकी लावायला उठलात. उमैमा ताट सोडून वहिनींच्या मागे जाऊन उभी राहिली. तुम्ही कौतुकानं म्हणालात, बघ, किती शिस्तीची आहे. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या. शनिवारच्या बसनं मी येतो आहे. पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर वर्गाला मीही बसेन. तौहामीच्या हातोड्याला मी जेवढा घाबरलो, त्याहून तुम्हाला जास्त घाबरतो, तरी येतो आहे.

ता. क. चौथा. आता तुम्हाला राग आला असेल. येऊ दे. पत्र फाडायच्या आधी फक्त एकदा मान वर करून बघा, उमैमा या क्षणी खोलीत कुठे उभी आहे.