तुम्ही मला बाहेर काढलंत तो सामना

बाबा, काल टीव्हीवर देशाच्या मोठ्या फुटबॉल लीगचा सामना चालू होता. एका रेफ्रीला पोरांनी घेरलं, कॉलर धरली, आणि मी टीव्ही बंद केला. बायको म्हणाली, "झालं काय?" मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय. तेव्हापासून तुमच्याशी बोलतोय मनात, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या वेळी देशभराची लीग नव्हती. आपल्यासाठी मुंबईची सीनियर डिव्हिजन म्हणजेच सगळ्यात वरचं. त्यात मी एकच सीझन खेळलो, संपाच्या दुसऱ्या वर्षी. गिरणी बंद, तुम्ही वाकोल्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले. सामन्याच्या दिवशी मात्र रेफ्रीची काळी अर्धी चड्डी स्वतः इस्त्री करायचात, कारण शिट्टी तोंडात असली की बावीस माणसं तुमचं ऐकायची. घरात तर मीसुद्धा ऐकत नव्हतो. एस.वाय.ला कॉलेज सोडलं, अंधेरीच्या कारखान्याच्या टीमला फॉरवर्ड हवा होता म्हणून. सीझनभर नीट खेळ, कायम करू, म्हणाले होते. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ताटात हात धुतलात. "देवान पाय दिल्यान ते कित्याक? सगळा तू हातानच करतंस."

खरं होतं ते, भांडणात माझा हात आधी चालायचा. त्या सीझनला मी गोल कमी केले, माणसं जास्त पाडली. एकाच्या नडगीवर उभा बूट ठेवला तेव्हा हाडाचा आवाज आधी आला, किंकाळी नंतर. मला बरं वाटायचं, बाबा. घाम आणि रक्त एकत्र ओठावर आलं की आठवडाभराची सगळी जळजळ उतरायची.

जळजळ तिच्यामुळे होती. ती गोरेगावची. आम्ही आरेतून जाणाऱ्या बसमध्ये बसायचो, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो आणि त्याच बसने परत यायचो. बोलायचो थोडंच, पण तिचा कोपर माझ्या दंडाला लागला की पुढचे दोन दिवस मी जेवायचो नाही. तिचा मोठा भाऊ दुसऱ्या टीमचा कॅप्टन आणि बचावातला स्टॉपर. त्याने एकदा आम्हाला बसमधून उतरताना पाहिलं. तिच्यादेखत माझं डोकं बसच्या पत्र्यावर आपटलं आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉलेज सोडलं, बापाची गिरणी बंद, आणि हा हिरो माझ्या बहिणीला फिरवतोय." मी अख्ख्या वाकोल्यात सांगत सुटलो की त्याचं थोबाड फोडणार. ते तुमच्याही कानावर आलं होतं.

आणि शेवटचा सामना नेमका त्यांच्याशी. हरेल तो खालच्या डिव्हिजनमध्ये. तुम्ही लाइन्समन म्हणून झेंडा घेऊन आला होतात. मधला रेफ्री आलाच नाही. अशा वेळी मैदानावर जो परीक्षा पास झालेला रेफ्री असेल त्याला दोन्ही कॅप्टनांनी हो म्हणायचं आणि खेळ सुरू करायचा, अशी रीत. आमचा कॅप्टन लगेच म्हणाला, "काका आहेत ना." मला वाटलं तिचा भाऊ अडवेल. तो हसला. "काकांची शिट्टी झकास. ते पोराला आधी पकडतील." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुमची मान लाल झालेली मला दिसली.

दुसऱ्या हाफमध्ये आम्हाला कॉर्नर मिळतो. बॉल येतो, तिचा भाऊ उडी मारतो, मीही मारतो. त्यांचाच गोलकीपर बाहेर झेपावतो, बॉल हुकतो आणि त्याची मूठ स्वतःच्याच कॅप्टनच्या गालफडात बसते. तो माझ्या पायाशी पडतो, तोंडातून रक्ताची धार. तुम्ही गर्दीच्या पलीकडून धावत येता. तुम्हाला दिसतं ते इतकंच: तो खाली, मी त्याच्या डोक्यापाशी, माझी मूठ वळलेली. गोलकीपर गप्प. तुम्ही कोणाला विचारत नाही. कार्ड वर.

"बाबा, मी नाही मारलं."

"हय बाबा नाय कोण. भायर हो."

दहा जणांवर त्यांनी गोल केला आणि आम्ही हरलो. शेवटच्या शिट्टीबरोबर आमच्याच कारखान्याची पोरं दोरी ओलांडून घुसली. "बापानेच विकला सामना." कॉर्नरच्या झेंड्याची काठी तुमच्या डोक्यात बसली, मग बूट, बरगड्यांवर, पाठीवर. मी हातात बूट घेऊन शिरलो आणि तुम्हाला लाथ घालणाऱ्या आमच्याच कॅप्टनच्या तोंडावर घातला. तो पडल्यावरही घालत राहिलो. त्याचे दात गवतात दिसले. माझी नोकरी गेली ती तिथे, आणि खेळही.

हॉस्पिटलमध्ये तुमचा एक डोळा सुजून मिटलेला होता. दुसऱ्याने तुम्ही माझ्याकडे बघत होतात. "चौकशीक लीगचे लोक येतले. माका खरा सांग. तूच मारलंस मा त्येका?" असं विचारलेलं मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. जणू शिट्टी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "होय. मीच." तुम्ही मोठा श्वास सोडलात, बरगडी दुखली तरी, आणि चहा मागितलात.

खाली फाटकाशी ती उभी होती. भाऊ वरच्या मजल्यावर, गालाचं हाड मोडलेलं. "दादाला दिसलंच नाही रे कोणाचा हात होता ते. तू फक्त नाही म्हण. घरी मी भांडेन."

वर तुम्ही चहा पीत होतात. मी म्हटलं, "मी मारलं."

"खोटं तरी बोलायचंस," ती म्हणाली, आणि गेली.

पुढे जाल तिथे लोक म्हणायचे, यांनी सख्ख्या पोराला बाहेर काढला. तुम्ही मान खाली घालायचात, पण चाल ताठ झालेली असायची. तसेच गेलात. बरं झालं. हे पत्र पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं.

फक्त एक आहे. त्या कॉर्नरला मी बॉलकडे बघतच नव्हतो, बाबा. मी त्याच्या गालाकडे बघून उडी मारली होती. गोलकीपर माझ्याआधी पोचला, इतकंच.