‘मेल्या’ म्हटलंस म्हणून नाही

मुलुंड पूर्व,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय सर्वेश,

कसा आहेस? काकींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि ग्रुपवर लिहावं तर सगळा गाव वाचतो.

आज रविवार. जेवून गॅलरीत बसले होते. खाडीकडून गार वारा येत होता, मिठागरांवर धुकं आहे की धूळ ते कळत नव्हतं, आणि माझा डोळा लागला. स्वप्नात आपली सगळी ‘वेलांटी’ आमच्या गच्चीवर जमली होती. शुद्धलेखन तपासणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरसाठी फावल्या वेळात फुकट राबणारी ही माणसं. बहुतेकांना मी कधी पाहिलेलंही नाही, तरी लिहिण्याच्या ढबीवरून एकेकाला ओळखलं. चंद्रप्रकाश दर वाक्यामागे हसत होता. शुभाताई बोलता बोलता दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होत्या. तू सगळ्यांना चहा देत होतास, आणि कपांमधून वाफेऐवजी अक्षरं वर जात होती, हळूहळू, येऊरच्या डोंगराकडे. इतकं छान वाटलं रे! एक जण तेवढा जिन्यात उभा होता. मी हाक मारली, तर तो खाली उतरायला लागला.

तो रतन होता, हे तुला कळलंच असेल. बुलढाण्याचा. त्याने पहिल्यांदाच वेलांटीसाठी काही काम करून पाठवलं आणि तू सगळ्यांदेखत लिहिलंस, ‘मेल्या, वाट लावलीस ना!’ तुमच्याकडे मी किती वेळा ऐकलंय, ‘मेल्या, खय होतस? जेवूक ये!’ एखाद दिवशी काकी ‘मेल्या’ म्हणाल्या नाहीत तर तूच विचारशील, काय चुकलं म्हणून. रतनने मात्र लिहिलं, ‘सर, वडील नुकतेच गेले. हा शब्द नको.’

तुला ते कुठून माहीत असणार? आपल्या सॉफ्टवेअरलाही त्या शब्दात काही वावगं दिसत नाही. त्या शब्दावरून मी तुझ्या बाजूने देवदत्तशी भांडले. तोही आपल्यासारखाच ग्रुप सांभाळतो, पण मालवणी माया त्याला काय कळणार, असं म्हटलं मी.

मग तू रतनला उत्तर दिलंस, ‘सुतकात माणूस ग्रुपवर येतोच कशाला?’

सर्वेश, हे मालवणी नव्हतं. हे नुसतं वाईट होतं. रतन त्याच दिवशी ग्रुप सोडून गेला.

वागण्याचे नियम आपण दोघांनीच लिहिले, तुमच्या नाहूरच्या घरी, काकींच्या हातचे घावणे खात. ‘दुखावलेल्याची थट्टा करणारा तीन महिने बाहेर’ हे वाक्य तुझं. मी म्हटलं होतं, जरा सौम्य कर. तू म्हणालास, ‘सौम्य केलं ना यार, की नियम फक्त परक्यांना लागतो.’

काल देवदत्तने विचारलं, ‘गार्गी, दुसरा कोणी असता तर नियम लावायला इतकी थांबली असतीस?’

मघापासून स्वप्नं सांगत बसलेय ती हे टाळायला. हे पत्र तुला मिळेल तोवर ग्रुप तुझ्यासाठी बंद झालेला असेल. ते देवदत्तने केलेलं नसेल. आज संध्याकाळी मीच करणार आहे. इतकी वर्षं रोज सकाळी तुझा पहिला मेसेज वाचून मी कामाला लागते. उद्या तो नसेल. तुझा राग येतोय आणि रडूही येतंय, दोन्ही एकदमच.

रतनला लिही. ‘पण’ न घालता लिही. तो परत आला नाही तरी लिही. आणि तीन महिन्यांनी तू ये. नाही आलास तर वेलांटी चालेल, लोक चालवतील. माझं कसं चालेल ते मला ठाऊक नाही.

ग्रुपवरच्या सूचनेखाली मी ‘समन्वयक’ असं लिहिणार आहे. इथे नुसतीच,

तुझी
गार्गी