प्लग उलटा लागला तरी

मी, प्रिस्किला दावीद मावची, वय सत्तावीस, कोंबड्यांच्या शेडसाठी कंट्रोलचे डबे बनवणारी, राहणार आंबाफळी, तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. ताप नाही, डोके ठिकाणावर आहे. भीती मात्र आहे. भीती असली म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले.

आधी चुकीची दुरुस्ती. पावसाळ्यात केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. शेडमधल्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचा तर दिशा पालटताना वीज शून्यातून कधी जाते तो क्षण डब्याला अचूक कळावा लागतो. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की डब्यातला बारीक दिवा विझतो तोच शून्याचा क्षण. हे चूक आहे. त्या दिव्याला पेटायला विजेचा थोडा दाब लागतो, म्हणून तो शून्याच्या जरा आधी विझतो आणि जरा नंतर पेटतो. खरा शून्य त्या अंधाराच्या मध्यावर असतो. संध्याकाळी शेतांवरचे पंप चालू होऊन दाब पडला की अंधार रुंदावतो, पण मध्य हलत नाही. म्हणून विझणे आणि पेटणे दोन्ही पकडून मध्य काढावा, आणि उजेड ओळखणाऱ्या भागाला लागणारा उशीर त्यातून वजा करावा. माझ्यामागे हा डबा बनवणाऱ्याने हेच वाचावे.

हे सविस्तर लिहिण्याला कारण आहे. त्याच चुकीमुळे पितांबरशेठच्या शेडमध्ये एका संध्याकाळी दिवे लपलपले, आणि पिल्ले बिचकून कोपऱ्यात एकमेकांवर चढली. जोसेफकाका तिथेच होते. ते माझ्या वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ, आणि बाहेरून येणारे स्वस्त डबे शेडवाल्यांना तेच विकतात. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुझा डबा माणसाला जपतो आणि पिल्लांना चेंगरतो. माझा डबा सरळ लाइनलाच विचारतो, म्हणून चुकत नाही."

त्यांचा डबा सरळ लाइनला विचारतो, हे खरे आहे. लाइनची एक तार त्यात थेट नॉबच्या दांडीपर्यंत पोचते. प्लग सुलटा असेल तर ती तार न्यूट्रल असते आणि काही होत नाही. उलटा लागला की त्याच दांडीत फेज येतो. माझ्या डब्यात लाइन आणि हात लावायची बाजू यांना जोडणारी तारच नाही. मधून जातो तो फक्त त्या बारीक दिव्याचा उजेड.

माझे वडील दावीद वायरमन होते. आमच्या घरात नियम होता, जोडले ज्याने, पहिला हात त्याचा. त्यांनी काकांचा डबा जोडला, टेस्टर लावला, मग नॉबला हात लावला. सगळे ठीक होते. नंतर कोंबड्यांची बॅच विकली गेली, शेड धुतली. धुताना दोन पिनांचा प्लग काढतात आणि नंतर जसा हातात येईल तसा खोचतात. ओल्या जमिनीवर उभे राहून वडिलांनी तोच नॉब फिरवला आणि ते गेले. गावात म्हणतात, दावीदने न तपासता हात घातला. हे मी जिवंतपणी मान्य केले नाही आणि मेल्यावरही माझ्या नावाने कोणी मान्य करू नये. त्यांनी तपासले होते. प्लग नंतर फिरला.

आता वाटणी.

घरातला माझा हिस्सा आई पारुबाई हिला. शाळेच्या आधी तिने मला चुलीपाशी बसवून बायबलवरून अक्षरे शिकवली. तारा सोलायला वडिलांनी शिकवले. आयटीआय त्यानंतरची.

पोस्टातली बचत धाकटी बहीण एस्तेर हिला, नर्सिंगच्या शिक्षणासाठी. त्यातून लग्नाचा मांडव घालू नये. मांडव हवा असणाऱ्याने स्वतः घालावा.

विजेची लाट दाखवणारा माझा जुना स्कोप आणि तारांना डाग देण्याचा कैया हेही एस्तेरला. स्कोपचे डावे बटण अडकते, त्यावर बुक्की मारू नये.

डब्याचे सर्किट कोणा एकाचे नाही, हवे त्याने बनवावे. एकच अट. बोर्डावर लाइन आणि हात लावायची बाजू यांच्या मधे कापलेली फट स्वस्ताईसाठी बुजवायची नाही.

जोसेफकाकांना वडिलांचा टेस्टर. विकलेला प्रत्येक डबा त्यांनी प्लग सुलटा आणि उलटा लावून तपासावा. मी त्यांना माफ केलेले नाही. पाळकसाहेबांनी विचारले तेव्हाही हेच सांगितले. न मागितलेली माफी देता येते का, याचा विचार चालू आहे.

हे सगळे आत्ताच का, तर मी पितांबरशेठना माझ्या डब्याला मीटर लावून दाखवला. ते म्हणाले, "पोर, मीटरना काटा मी काय समजू? तू सोता हात लाव, मंग मी समदा डबा बदलसू." मी हो म्हटले. नाहीतरी आमच्या घरचा नियम तोच आहे. काका हसले. "मृत्युपत्र लिहितेस म्हणजे तुझाच तुझ्या डब्यावर भरवसा नाही."

मी म्हणाले, "भरवसा आहे म्हणून हात लावते, काका. भरवसा वडिलांचाही होता, म्हणून लिहून ठेवते."

आईने एवढेच विचारले, "पायात चप्पल घालशील?" मी नाही म्हटले. "मग मीही तिथे उभी राहीन," ती म्हणाली. मी तिला अडवणार नाही.

हात असा लावला जाईल. शेड नुकतीच धुतलेली, जमीन ओली, पाय उघडे, पंप चालू होऊन दाब पडलेला. प्लग आधी सुलटा, मग उलटा. शॉक बसताच लाइन तोडणारा स्विच मी मधे बसवणार आहे, कारण मी मरायला जात नाही. तो पडला तर माझा डबा नापास, कोणी सबब सांगू नये. दिवे लपलपले तरी नापास.

आणि तो स्विचही फसला, मी गेले, तर मला वडिलांच्या शेजारी पुरावे. माझी चूक शोधावी, मी माझी आधीची शोधली तशी. पण त्या कारणाने काकांचे डबे कोणी परत लावू नयेत.

एस्तेरला साक्षीदार व्हायचे होते. जिला काही मिळते तिने साक्षीची सही केली तर तिचा वाटा जातो, म्हणून तिला घेतले नाही आणि ती रुसली आहे. हे मृत्युपत्र मी खालील दोघांना वाचून दाखवले, आणि आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
रंजनाबाई कोकणी, अंगणवाडी सेविका (सही)
भटू पाटील, पंप दुरुस्ती, नवापूर (सही)

प्रिस्किला दावीद मावची (सही)
आंबाफळी, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

पितांबरशेठच्या शेडमध्ये नॉबला हात लावण्याचा दिवस: सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५.