अजून तेलच

११ डिसेंबर २०२४

शिवकन्येचा मेसेज — अजून तेलच.

हिंगोलीच्या कॉलेजात आम्ही दोघी तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवतो. ती सेनगावकडची, तांड्यावरची. माझा फ्लास्क सध्या तिच्या हवाली. त्यात माझ्या पीएचडीचा शेवटचा पदार्थ आहे — अमिनो आम्लाची नक्कल, फ्लोरीन जोडलेली. तयार होताना डावं आणि उजवं अशी दोन्ही रूपं एकत्र होतात. मला फक्त डावं हवंय. त्यात एक ठरावीक आम्ल घातलं की दोनपैकी एक रूप स्फटिक होऊन खाली बसतं, दुसरं वर द्रावणात राहतं. बसतं म्हणे! दिवाळीपासून तेलच.

मागच्या आठवड्यात मीच काचेच्या कांडीनं फ्लास्क आतून खरवडत होते. खरवडलं की कधी कधी स्फटिक धरतात. तेवढ्यात फोन आला. माझा नवरा दस्तगीर ट्रकमध्ये केळीचा माल भरता भरता खाली बसला, तो उठलाच नाही. मी कांडी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग निघाले.

१३ डिसेंबर

इद्दत, नवरा गेल्यावर बाईनं पाळायची. चार महिने दहा दिवस घरातच. डोंगरकडा गावातल्या या घरात आता अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. बायका येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला रडू येत नाही. दाबून धरलंय असंही नाही — येतच नाही. शेजारच्या बेबीबाई अम्मींच्या कानात बोलल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं — हिला रडवा, न्हाईतर डोक्यावर परिणाम होईल.  अम्मींनी मला वरण वाढलं.

१४ डिसेंबर

जेवले. झोपले.

२२ डिसेंबर

पीएचडीच्या सरांचा फोन. आधी दुखवट्याचं बोलले, मग अडखळत मुद्द्यावर आले. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात! इद्दत संपणार एप्रिलमध्ये. एवढ्या कामापुरतं अम्मींनी दिवसा जाऊ दिलंही असतं. मी विचारलंच नाही. रोज सकाळी गाडीवरून स्टँडवर दस्तगीरच सोडायचा, एसटी हलेपर्यंत थांबायचा. एकटीनं तिथं उभं राहायचं मनावर येत नाही.

शिवकन्येला लिहिलं, खरवडत राहा.

६ जानेवारी २०२५

तव्याला हात लागला. फोड आला तेव्हा कळलं.

अम्मींनी विचारलं, त्या शिशीत असं आहे तरी काय? म्हटलं, चपलांसारखं असतं अम्मी. डावी, उजवी — दिसायला सारख्याच, पण उजव्या पायात डावी जात नाही. शरीराला डावीच चालते. त्या ऐकता ऐकता दाराकडे बघायला लागल्या. दारात त्याच्या चपला अजून तशाच आहेत. मला दुसरं काही सुचायला नको होतं का!

तरी मला काही वाटलं नाही. भीती वाटते ती याचीच. तीही थोडीच.

१९ जानेवारी

स्फटिक! शिवकन्येनं फोटो पाठवला. पांढऱ्या बारीक सुया, फ्लास्कचा तळ भरून. लगेच गाळून घेते, म्हणाली.

दस्तगीर रोज विचारायचा — "मॅडम, तुमची कढी जमली का?" आज जमली. मी शिवकन्येला 'छान' एवढंच लिहिलं. मग लसूण सोलत बसले.

२७ जानेवारी

शिवकन्येनं स्फटिकांतलं आम्ल काढून टाकून पोलारीमीटरवर, डावं-उजवं ओळखायच्या यंत्रावर, रीडिंग घेतलं. डाव्याचं उणे यायला हवं होतं. आलं अधिक. म्हणजे खाली बसलं ते उजवं. म्हटलं, हरकत नाही, आपलं डावं त्या गाळलेल्या द्रावणात असणार. ती बाटली काढ.

 तिनं कसंबसं सांगितलं. मुलांचं प्रॅक्टिकल होतं, काचसामान कमी पडलं. स्फटिक मिळालेच आहेत म्हणून तिनं बाटली ओतून, धुऊन दिली. "ताई, मला वाटलं, वरचं पाणीच हाय ते." हुंदके देत होती. मीच तिची समजूत काढली. चुकतं माणूस, म्हटलं. पुन्हा करू.

२८ जानेवारी

सरांना कळवलं. ते म्हणाले, तुमची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे, वर्षभर मुदत वाढवून मिळेल, काळजी करू नका. बरं म्हटलं. फोन ठेवला आणि रडायला लागले.

थांबेचना. स्वयंपाकघरात खालीच बसले. पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर गेला. बेबीबाई धावत आल्या. "रडली बाई एकदाची," असं म्हणून माझी पाठ चोळत बसल्या. दारात आणखी दोघीतिघी डोळे पुसत होत्या. माझी मान वर होईना. सगळ्यांना वाटत होतं, मी दस्तगीरसाठी रडतेय. आणि मी रडत होते एका धुतलेल्या बाटलीसाठी! इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

२९ जानेवारी

अम्मींना फसवणं जमेना. सकाळी खरं ते सांगून टाकलं — कालचं रडणं त्याच्यासाठी नव्हतं, बाटलीसाठी होतं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"पुन्हा बनतं का ते?"

बनतं, म्हटलं. वेळ लागतो, पण बनतं.

"मग बनणाऱ्या चिजेसाठी इतकं कोण रडतं, गौसिया?"

दस्तगीर गेला.